विमलाचा घोटा

चैत्रात आंब्याच्या कलमांखालचा पातेरा, म्हणजे वाळलेला पाला, गोळा करून भारा शेतावर नेताना विमला पाखाडीवरून घसरली आणि उजवा घोटा मोडून बसली. वाडीतून रस्त्यावर उतरायला आम्हाला ही एकच वाट, जांभ्या दगडाच्या ब्याण्णव पायऱ्यांची. धरायला कठडा कुठेच नाही.

मुंबईहून तिच्या मुलाचा, रितेशचा फोन आला. गणपतीपर्यंत पाय धड झाला नाही तर तुला इकडेच आणणार, असं त्याने सांगून टाकलं. विमला हट्टाला पेटली. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ही बाई एकटी राहते, भात लावते, कलमांना खत घालते, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तिला मुंबईच्या दोन खोल्यांत नेऊन बसवणं म्हणजे शिक्षाच.

मी तिची शेजारीण, तीस वर्षं शाळेत पोरं हाकलेली. प्लास्टर निघाल्यावर दवाखान्यातल्या मुलीने व्यायामाचा कागद दिला. तो मी वाचायचा आणि विमलाने करायचा, असं ठरलं. ओटीवर पाय लांब करून जुन्या लुगड्याची पट्टी तळव्याला अडकवायची आणि पंजा पुढे दाबायचा. भिंतीला हात टेकून टाचा उचलायच्या. मग जोत्याच्या पायरीवर चढ-उतार. दहा वेळा सांगितलं की ही बया वीस वेळा करायची, घोटा भोपळ्यासारखा सुजायचा आणि मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरायची. रितेश रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून व्यायाम झाला का, असं विचारायचा. एवढी काळजी घेणारा मुलगा बघून मला खरंच बरं वाटायचं.

गणपतीच्या दोन दिवस आधी तो बायकोला, शमिकाला, आणि सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन आला. विमला मला न सांगता त्यांना आणायला खाली गेली. मी पाखाडीच्या माथ्यावरून पाहिलं तेव्हा नात कडेवर घेऊन ती चढायला लागलीसुद्धा होती. पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत झालेल्या. हाक मारली असती तर तिचं लक्ष विचलित झालं असतं, म्हणून मी तोंडावर पदर दाबून नुसती मोजत राहिले. चाळीस झाल्या, पन्नास झाल्या. चैत्रात पडली होती तिथे ती थांबली. उजवा पाय वर ठेवला. तो थरथरला. तिने तो मागे घेतला. रितेश दोन पायऱ्या खाली, दोन्ही हातांत बॅगा. ती घसरली असती तर त्याला तिला धरताही आलं नसतं. चढताना धड पाय आधी, असं कागदावर लिहिलेलं होतं. ते तिला आठवलं असावं. डावा टाकला, मग उजवा, आणि चढली.

वर पोचली तेव्हा चेहरा घामाने डबडबला होता आणि नजरेत असा तोरा होता की मी रागवायचं विसरले.

"बगितलंस?" ती रितेशला म्हणाली. "आता मी हितंच ऱ्हानार."

रितेश हसला. "अगं, आता तर काहीच अडचण नाही. शमिकाची रजा पंधरा दिवसांत संपते, मग मुलीला सांभाळायला तूच. आमच्याकडे लिफ्ट नाही. मुलीला घेऊन तुला तीन मजले चढता येतील की नाही, त्याचंच टेन्शन होतं मला."

रोजच्या त्या फोनचा अर्थ मला तेव्हा कळला आणि त्याच्या दोन्ही बॅगा पाखाडीवरून खाली भिरकावून द्याव्यात असं वाटलं. पाय बरा झाला की मी इथेच राहायचं ठरलं होतं, असं विमला म्हणाली. असं मी कधी म्हटलं, त्याने विचारलं. आणि खरंच, तो तसं म्हणाला नव्हता. ते आम्ही दोघी आपल्याच मनाने धरून चाललो होतो.

विमलाने नातीला शमिकाकडे दिलं.

"मोडका ऱ्हायला आसता तरी न्हेनार, बरा झाला तरी न्हेनार. पायाचं रोज इचारलंस रे. माजं कवा इचारलंस?"