इरा नावाची जागा

नव्या कामाचा कोड दूरच्या सर्व्हरवर ठेवायला रिपॉझिटरी, म्हणजे कोडसाठी नाव दिलेली जागा, करत होते. काळ्या स्क्रीनवर कमांड लिहिली आणि नाव दिलं, इरा. आमच्या न झालेल्या मुलीचं ठरवून ठेवलेलं नाव.

उत्तर आलं: या नावाची रिपॉझिटरी तुमच्या खात्यात आधीच आहे.

खातं माझं आणि नवऱ्याचं, दोघांचं. उघडून पाहिली. आत एक ओळही नाही. ती केल्याची तारीख मात्र मी हॉस्पिटलमधून रिकाम्या हातांनी घरी आले त्या दिवसाची. याच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही, म्हणून तेव्हा किती बोलले होते मी त्याला! माणूस कुठे जाऊन रडेल, काय सांगावं?

स्वयंपाकघरातून त्याने विचारलं, "चहात आलं घालू का गं?"

"घाल," म्हटलं. नव्या कामाला दुसरं नाव दिलं.