कडूबाईंनी कैची खाली ठेवली

आमच्या कॉलनीत अठरा रो-हाउसेस आहेत आणि लाज एकाही घरात नाही. माझं घर त्यातच आलं. नगरहून मनमाड रस्त्याने बाहेर पडल्यावर डाव्या हाताला एक कमान लागते, तिच्या आत आम्ही राहतो. बँकवाले, प्राध्यापक, दोन वकील, एक निवृत्त इंजिनिअर. उन्हाळ्यात टँकरच्या पाइपवरून एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी ही माणसं घरापुढच्या दहा बाय बाराच्या तुकड्यात हिरवळ लावतात. आमच्या आईबापांनी शेतातली हरळी खणता खणता कंबरडी मोडून घेतली. आम्ही तिचीच चुलत बहीण चौरस फुटाच्या भावाने विकत आणतो आणि तिला लॉन म्हणतो.

या कॉलनीत तीन वर्षांपूर्वी शुभांगी भिंगारदिवे नावाच्या मुलीने अकरा नंबरचं घर घेतलं. शुभांगी एका मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे. तिच्याबरोबर तिची आई आली, कडूबाई. वय साठच्या पुढे, उंच, काटक, चालताना थोड्या पुढे झुकणाऱ्या. दारावरची नावाची पाटी आणि आतला बाबासाहेबांचा फोटो पाहून आम्ही जो अंदाज काढायचा तो काढला आणि हसून "या हं कधीतरी" म्हणालो. कधीतरी म्हणजे कधी, हे आमच्यात कुणी विचारत नाही.

कडूबाई पाथर्डीकडच्या. लहानपणी आईबापाबरोबर कोल्हारच्या बाजूला ऊसतोडीला जायच्या, म्हणून शाळा दुसरीतच सुटली. लग्नानंतर नवरा शिर्डीतल्या एका हॉटेलात वॉचमन होता. तो वारला तेव्हा शुभांगी चार वर्षांची होती. मालकाने कडूबाईंना बागेच्या कामावर घेतलं. त्या हॉटेलच्या हिरवळीवर त्यांनी सव्वीस वर्षं काढली. त्या गवतावर किती लग्नं लागली, किती पाहुण्यांनी फोटो काढले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. तिथे बसायची मुभा मात्र त्यांना एक दिवसही नव्हती.

म्हणून स्वतःच्या घरापुढे त्यांनी पहिल्याच पावसाळ्यात हिरवळ लावली. आमच्यासारखे आयते चौकोन आणून नाही अंथरले. माती चाळली, जुनं शेणखत मिसळलं आणि एकेक काडी बोटभर अंतरावर टोचली. दोन महिन्यांत ती जागा अशी भरून आली की रस्त्याने जाणारे थांबायला लागले. संध्याकाळी कडूबाई त्या हिरवळीवर पाय पसरून बसायच्या आणि बशीतून चहा प्यायच्या.

ते आम्हाला बघवलं नाही.

सर्वांत आधी गेली शेजारची रुपाली. ती इन्शुरन्स कंपनीत आहे, बोलायला गोड. "मावशी, तुमच्या हाताला गुण आहे. आमचं लॉन पिवळं का पडतंय, जरा बघता?"

कडूबाईंनी बघितलं, एक कोपरा उकरला आणि पांढऱ्या अळ्या काढून दाखवल्या. "हुमनी हाय. कच्चं खत टाकलं असंल तुमी." मग बसून सगळा तुकडा साफ करून दिला. रुपाली दारात उभी राहून फोनवर बोलत होती.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या कॉलनीत त्या वयाच्या सगळ्या बायकांना काकू म्हणतात. मावशी म्हणतात ते भांडी घासणारीला. पहिल्या दिवसापासून कडूबाई मावशी झाल्या, आणि ते आमच्या जिभेवर इतकं सहज आलं की कुणाला खटकलंही नाही.

रुपालीमागून आले आबासाहेब, सोसायटीचे चेअरमन, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी "बघता का" वगैरे विचारलं नाही. "बाई, सकाळी आमच्याकडून सुरुवात करत जा, नंतर ऊन होतं," म्हणाले. मग मी. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो, त्यामुळे मी फार नम्रपणे विचारलं. बाकी फरक काही नव्हता. दिवाळीपर्यंत कडूबाई अकरा घरांच्या हिरवळी राखत होत्या. कुणी गावाला गेलं की पाणी त्यांनी घालायचं. कुणाचं पोर क्रिकेट खेळून गवत उखडायचं, ते त्यांनी पुन्हा लावायचं. पैशांचा विषय आम्ही काढला नाही. शेजाऱ्याला पैसे देणं बरं दिसत नाही, असं आम्ही एकमेकांत म्हणायचो. त्यांना घरात बसवून चहा देणंही कुणाला सुचलं नाही.

शुभांगी चिडायची. एकदा आमच्या भिंतीपलीकडून मी ऐकलं.

"आई, तुला नाही म्हणता येत नाही का?"

"म्हनू कसं? शेजारीपाजारी हायेत."

"शेजारी? त्यातलं कोण आलं आपल्या घरी?"

"दारात येत्यात की. कुनी दारात आलं तर बरं वाटतं मला. तू दिवसभर दवाखान्यात अस्ती."

म्हणजे त्यांना वाटत होतं की या गवतावरून चालत एक दिवस आमच्या घरात जाता येईल. हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलावत नव्हतं, बारशाला नाही, वाढदिवसाला नाही. तरी त्या वाट बघत होत्या. आमच्याकडे वाट बघण्यासारखं काही नाही हे त्यांना कळायला दीड वर्ष गेलं.

तोवर गवताची कैची चालवून चालवून त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा अडकायला लागला. दुमडला की सरळ व्हायचा नाही. दुसऱ्या हाताने ओढून सोडवायला लागायचा. भाकरी थापता येईना. हे रुपालीला माहीत होतं. तिने बाम दिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. आणि या सगळ्यात अकरा नंबरसमोरची हिरवळ गुडघाभर वाढली, तिच्यात लव्हाळा माजला. स्वतःच्या गवताकडे बघायला त्यांना सवडच नव्हती. संध्याकाळी त्या बाहेर बसेनाशा झाल्या. घरात जाऊन आडव्या व्हायच्या.

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत आबासाहेबांच्या नातीचा साखरपुडा ठरला, घरापुढच्या अंगणात आणि बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर. दोन आठवडे कडूबाई तिथे राबत होत्या. गुरुवारी आबासाहेब त्यांना म्हणाले, "शनिवारी पाच वाजता या हं, विसरू नका."

कडूबाईंना हे आमंत्रण वाटलं.

शनिवारी पाच वाजता त्या आल्या. मोरपंखी साडी, केसांना तेल, हातात मोगऱ्याची कुंडी आणि कुंडीला सोनेरी कागद गुंडाळलेला. मी आणि माझी बायको माधुरी फाटकाजवळच्या खुर्च्यांवर बसलो होतो. पाहुणे यायला लागले होते. आबासाहेब फेटा बांधून उभे होते.

"अहो बाई, हे काय नटून आलात? मांडववाल्याने त्या कोपऱ्यात खड्डे पाडलेत. मुलाकडची मंडळी यायच्या आत बुजवून टाका. खुरपं मागे आहे."

कडूबाईंनी कोपऱ्यातल्या खड्ड्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला जेवायला बोलिवलं न्हवतं व्हय?"

आबासाहेब हसले. त्यांना खरोखर गंमत वाटली. "जेवाल की! सगळ्यांचं उरकू द्या, मागच्या दाराला पान वाढायला सांगतो."

हे किमान वीस जणांनी ऐकलं. रुपाली अत्तरदाणी घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभी होती. ती पाहुण्यांकडे वळली. मी खिशातून मोबाईल काढला आणि त्यात काहीतरी वाचत असल्यासारखं केलं. स्क्रीन बंद होता.

कडूबाईंनी कुंडी टेबलावर ठेवली नाही. ती छातीशी धरली, पदर सारखा केला आणि आल्या तशा परत गेल्या. आबासाहेब म्हणाले, "आता या लोकांना काय बोलायची सोय राहिली नाही बघा," आणि मुलाकडच्या मंडळींना सामोरे गेले. आम्ही तिथेच जेवलो. बासुंदी चांगली होती.

सोमवारी सकाळी कडूबाई एक पिशवी घेऊन निघाल्या आणि घरोघर गेल्या. पिशवीत लोकांच्या कैच्या, फवाऱ्याची तोंडं, मागच्या फाटकांच्या किल्ल्या होत्या. ज्याचं त्याला परत दिलं. प्रत्येक दारात एकच वाक्य. "उद्यापासनं मी येनार न्हाई."

रुपालीने विचारलं, "मावशी, तब्येत बरी नाही का? मग आठ दिवस आराम करा, नंतर बघू."

"तब्येत बरी हाय. मला तुमचं काम करायचं न्हाई."

आबासाहेबांनी विचारलं, "कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"तुमी बोलले."

आणि त्या पुढच्या घराकडे गेल्या. आबासाहेबांना आठवेना. ते दिवसभर ज्याला त्याला विचारत होते, मी काय बोललो? त्यांना सांगायची हिंमत कुणात नव्हती, आणि ते बोलणं वावगं होतं असं बहुतेकांना वाटतही नव्हतं.

एप्रिलमध्ये आमच्या हिरवळी जळाल्या. आधी कडा, मग मध्ये टकलासारखे गोल. यूट्यूब बघून आम्ही युरिया टाकला, तेव्हा उरलंसुरलंही गेलं. मग कुणीतरी कुजबुजलं की अकरा नंबरच्या बाईने मिठाचं पाणी ओतलं. चार दिवसांत ती कुजबुज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली आणि आबासाहेबांनी मीटिंग बोलावली. विषय असा लिहिला होता: सदस्यांमधील परस्पर सहकार्य.

कडूबाई मुलीला घेऊन आल्या. शुभांगी बोलायला उठली तेव्हा त्यांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"मीठ टाकायला बी मी तुमच्या अंगनात पाय ठिवनार न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मी आडानी बाई. पर एक सांगा. तुमच्या अकरा घरांचे नळ कुठं हायेत ते मला डोळे झाकून सांगता येतं. कुनाचा गळतो, कुनाचा जाम हाय. हॉल मातर मी एकाचाबी पाह्यला न्हाई. दीड वरीस. एकानं म्हनलं न्हाई का आत या. आता मला बोलवू नका. कामाला बी न्हाई अन् जेवायला बी न्हाई. तुमचं गवत तुमी कापा, न्हाईतर जळू द्या."

त्या उठल्या आणि मुलीबरोबर निघून गेल्या. माफी मागायला कुणी उठलं नाही. एक वकीलसाहेब घसा खाकरून म्हणाले, टँकरचा विषय घेऊ या का? आम्ही आनंदाने टँकरचा विषय घेतला.

आता कॉलनीत सात घरांपुढे प्लास्टिकचं गवत आहे. आबासाहेबांचं सर्वांत महाग. मे महिन्यात ते इतकं तापतं की त्याच्यावर अनवाणी उभं राहता येत नाही. म्हणून आबासाहेब सकाळसंध्याकाळ त्यावर पाइपने पाणी मारतात. रुपालीने फरशी बसवली. कडूबाईंच्या अंगठ्याचं छोटंसं ऑपरेशन झालं, शुभांगीच्याच दवाखान्यात. महिनाभरात त्या भाकरी थापायला लागल्या. अंगणातला लव्हाळा त्यांनी डाव्या हाताने उपटला, रोज हातभर जागा, घाई न करता.

मला मात्र स्वस्थ बसवेना. मी समाजशास्त्र शिकवतो ना. मी माधुरीशी बोललो आणि एका रविवारी सकाळी अकरा नंबरच्या फाटकाशी गेलो. कडूबाई आतून आल्या. फाटक उघडलं नाही.

"काकू," मी म्हणालो, "आज दुपारी आमच्याकडे जेवायला या. तुम्ही आणि शुभांगी."

"कशापायी?"

"सहज. शेजारी म्हणून."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "सर, तुमी त्या दिवशी तिथंच हुते ना? फाटकापाशी खुर्चीवर?"

"हो."

"मंग?"

त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, दुधवाल्याने सुटे पैसे काढेपर्यंत थांबावं तितकाच. मग वळून घरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. खिडकी उघडी होती. आतून शुभांगीने विचारलं, "कोण होतं गं?"

"कुनी न्हाई," कडूबाई म्हणाल्या, आणि मिक्सर सुरू झाला.