एल्झिराला हाक मारू नका

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर भाषेच्या ओढीने वाचल्या. त्यांतल्या एका अक्षरावर कधी विश्वास ठेवला नाही. आजही मी घाबरून लिहीत नाही... संतापून लिहिते आहे. हा फरक वाचणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावा.

आम्ही अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका जुन्या गावठाणाला लागून असलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली ख्रिस्ती दफनभूमी दिसते — काळवंडलेले क्रूस, शेवाळलेले दगड, कोपऱ्यात एक वाकडा चाफा. फोडणीच्या वासात कधी कधी विझलेल्या मेणबत्तीचा वास मिसळतो. त्या शेजाराचे मला कधी काही वाटले नव्हते.

मुलगी झाली. माझे सासर मालवणकडचे. तिथे बाळाचे नाव आत्या ठरवते आणि बारशापर्यंत ते कुणालाच सांगत नाही, बाळाच्या आईलाही नाही. माझी नणंद शर्वरी बोरिवलीला राहते आणि इन्स्टाग्रामवर बाळांच्या ‘हटके’ नावांचे पेज चालवते. ती पाळण्यात वाकली, बाळाच्या कानात पुटपुटली, बायकांनी ‘कुर्र’ करत तिच्या पाठीत धपाटे घातले आणि मग तिने जाहीर केले — एल्झिरा.

“ह्या खंयचा नाव गो?” सासूबाईंनी विचारले.

“विंटेज आहे, आई! अख्ख्या मुंबईत दुसरी सापडणार नाही.”

“कशी सापडतली? हाक मारणाऱ्याची जीभ मोडतली.”

सगळे हसले. मलाही त्या नावातला नाद आवडला होता, खोटे कशाला बोलू.

मुलगी कुकरच्या शिट्टीला वळे, कबुतरांच्या फडफडीला वळे, माझ्या बांगड्यांना तर लगेच वळे. नावाला मात्र नाही. ‘एल्झिरा’ अशी हाक मारली की ती हातातला खुळखुळा थांबवी आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहत राही — जणू दुसऱ्याच कुणाला बोलावले आहे आणि ती येईपर्यंत आपण गप्प बसायचे. थोड्या वेळाने तिची नजर खिडकीवरून खाली उतरे, फरशीवरून हळूहळू सरकत येई आणि माझ्या पावलांपाशी थांबे. तेवढ्यापुरता माझ्या घोट्यांना ओल्या मातीचा गारवा लागे. डॉक्टरांनी कान तपासले. कान उत्तम होते. घरात मात्र दिवसभर तिला हाका चालूच... आजी, बाबा, शेजारणी, व्हिडिओ कॉलवरून आत्या.

ऑक्टोबरच्या उकाड्यात शर्वरीचे एक रील माझ्यासमोर आले. ‘जुन्या कबरींवरची दुर्मिळ बाळनावे!’ मागे कसलेसे खेळकर संगीत. नेलपॉलिश लावलेले तिचे बोट दगडावरच्या अक्षरांवरून फिरत होते, आणि दगडामागे माझ्या खिडकीतला वाकडा चाफा होता. अक्षरे होती — एल्झिरा. जन्म आणि मृत्यू, दोन्ही एकाच सालातले.

मी तत्काळ फोन लावला.

“शर्वरी, मेलेल्या बाळाचे नाव तू माझ्या मुलीच्या कानात सांगितलेस?”

“वहिनी, चिल ना! नावावर काय कुणाचा कॉपीराइट असतो? आणि रील बघ ना, काय झकास चाललंय!”

“त्या घरच्यांना विचारलेस?”

“यार, इतक्या जुन्या कबरीला येतंय कोण?”

येते. कुणीतरी येतेच.

नोव्हेंबरात ख्रिस्ती लोक आपल्या मृतांना दिवे लावतात. त्या संध्याकाळी मुलीला कडेवर घेऊन मी खाली उतरले. मेणाचा आणि झेंडूचा दाट वास सुटला होता. त्या दगडापाशी लाल चौकड्यांचे लुगडे नेसलेली एक म्हातारी बसली होती. मला क्षमा मागायची होती... पण कशी मागावी, ते सुचेना.

“बस गो,” ती म्हणाली. “माजी पयली पोर हाय ही. पाऊल टाकायच्या आदीच गेली. रांगत रांगत फिरायची नुस्ती.”

माझ्या मुलीचे नाव तिने विचारले नाही, मी सांगितलेही नाही. म्हातारीने मेणबत्त्या बाजूला सारल्या, मांडी ऐसपैस केली आणि दगडाकडे तोंड करून हळू हाक मारली, “एल्झिरा... ये गो बाय.”

कडेवरची माझी मुलगी खुदकन हसली. तिची नजर दगडामागून निघाली, गवतातून, मातीवरून, अगदी जमिनीलगत सरकत आली आणि म्हातारीच्या मांडीवर चढून थांबली.

“आली,” म्हातारी म्हणाली आणि रिकाम्या मांडीवर हात फिरवू लागली. मग तिचा चेहरा उतरला. “या वर्साला लय दमलेली असते गो. आदी खेलायची, आता येते नि झोपते. कोन मेला दिसभर बोलावतो तिला, कोन जाने.”

मला तिच्या डोळ्यांकडे बघवले नाही.

घरी येताच दाराशीच मी मुलीच्या कानात, नऊ महिने मनात जपलेले नाव सांगितले — शाल्मली. तिने मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिले. शर्वरीने आत्याचा मान गेला म्हणून बोलणे टाकले आहे. खुशाल टाकू दे. आता आमच्या फरशीवर कुणाची नजर सरकत नाही.

जे घडले, त्याचा उलगडा माझ्यापाशी नाही. शोधायची इच्छाही नाही. माझा राग शिल्लक आहे, कारण ते रील अजूनही तिथेच आहे. खाली लोक लिहितात, ‘सो क्यूट’, ‘आम्ही हेच ठेवतोय’. मुलुंडहून, घाटकोपरहून, आणखी कुठून कुठून.

तुमच्या घरी हे नाव गेले असेल, तर हाक मारण्याआधी एकदा खाली फरशीकडे पाहा. तिला अजून चालता येत नाही. तुम्ही बोलावले, की ती तेवढे अंतर रांगत येते.