उजव्या डोळ्याचं चाक

दुपारचं जेवण अंगावर आलंय. परतवाड्याच्या घरी दिवाणावर विशाखाचा डोळा लागतोय न लागतोय, तोच स्वयंपाकघरात कुणीतरी चहा गाळायला लागतं. बाबाच, दुसरं कोण. गुलाबराव मास्तरांना जाऊन वर्ष झालं, पण अजून दुसऱ्याच्या हातचा चहा काही त्यांना चालत नाही.

ती आत जाते, तर पायाखाली सागाची वाळकी पानं वाजतात. भिंत कुठे गेली, हे विचारायचं तिच्या मनातही येत नाही. समोर तोच साग उभा आहे, रस्त्यासाठी तोडलेला. फांदीवर भर उन्हात एक ओंजळभर घुबड बसलंय.

पिंगळा की रानपिंगळा, दोन्ही इवलीशी घुबडंच, सगळा घोळ तिथेच झाला होता. पिंगळ्याला काय, गावातली कुठलीही पडकी भिंत चालते, त्याची कुणी फिकीर करत नाही. रानपिंगळे मात्र जगात थोडेच उरलेत. तो आहे एवढं अहवालात नुसतं लिहिलं असतं, तरी कुऱ्हाड थांबली असती. बाबा सांगत होते, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोट पांढरंफेक आहे. पण रस्त्याआधीची पक्ष्यांची पाहणी विशाखाची होती. जाड भिंगांच्या चष्म्यावर कसा विश्वास ठेवायचा, म्हणून तिने साधा पिंगळा लिहून टाकला. बाबांनी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि तेच तिला खातं.

"बाबा, तुम्हाला तेव्हा नक्की दिसलं होतं?"

बाबा चष्मा काढून खिशात ठेवतात. गळ्यातल्या दुर्बिणीचं उजव्या डोळ्याचं, नंबर जुळवायचं चाक सावकाश फिरवतात.

"नंबर माह्या डोळ्याले होता माय, दुर्बिणीले कुठी होता?"

आता दोघं शाळेच्या व्हरांड्यात आहेत. वर्गांतून मुलांऐवजी सागाचे बुंधे दाटीवाटीने बसलेत.

"माझं चुकलं, बाबा."

"मले एकडाव विचारलं असतं," ते म्हणतात. मग कप पुढे करतात. "घे, चहा निवून राह्यला."

ती हात पुढे करते आणि जागी होते.

दुर्बीण खुंटीवरच आहे. कालच तिने ती आपल्या डोळ्यांना जुळवून ठेवली होती. खिडकीशी जाऊन ती डावा डोळा मिटते. बाहेरचा कडुनिंब नुसता हिरवा डाग दिसतो. चाक पार टोकाला फिरलंय, नेलपॉलिशच्या लाल टिपक्यावर. बाबांना चष्म्याशिवाय स्वच्छ दिसावं म्हणून शाळेत असताना तिनेच तो लावला होता.

ती चाकाला हात लावत नाही.