बॅनरला रामराम

किसनआबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बॅनरपुढे वाकताना. कुंभार पिंपळगावच्या बाजारात आमच्या खात्याचा जनजागृतीचा कार्यक्रम होता आणि मी, तालुक्याच्या कार्यालयातला साधा क्लार्क, मोबाईल घेऊन फोटो काढायला उभा होतो. साठीचा एक भारूडकार पुढे आला. अंगावर लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यानं लोकांकडे पाठ केली आणि योजनेच्या बॅनरला वाकून रामराम केला. बाजार खो खो हसला. मला संताप आला. कार्यक्रम संपल्यावर जाब विचारला, तर आबा म्हणाले, "ज्याचं खावं त्याला आधी रामराम, सायब. तुमी कामून लाल होऊन राह्यले?"

ती थट्टा होती की मनापासून होतं, हे मला पुढच्या सात-आठ वर्षांत कळलं नाही. पण प्रत्येक कार्यक्रमात तो रामराम ठरलेला.

आबांच्या कलापथकात ते धरून पाच जण. पूर्वी जत्रेजत्रेत त्यांच्या भारुडाला बोलावणं यायचं. मग जत्रांत डीजे आला आणि आबांना उरलं ते आमचं खातं. खात्याकडून गाणी मंजूर होऊन यायची, स्टेपल मारलेली, खाली शिक्का. एक शब्द बदलायचा नाही. आबांना वाचता येत नसे. मी वाचायचो, ते दोनदा ऐकून पाठ करायचे. 'लस घ्या हो वेळेवरती, आरोग्य नांदे घरावरती' असलं काही ऐकताना त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा. "हे कोन लिहितंय वो? एकदा भेटवा मला. मारत न्हाई, नुसतं बघतो."

टपरीवर चहा पिता पिता मी एकदा त्यांना डिवचलं. म्हटलं, "आबा, खरं सांगा, सरकारनं कलेला पैसा द्यावा का?"

"द्यावा की! बिलकुल द्यावा. पाच घरं हायेत. पन सायब, मामानं भाच्याला बैल द्यावा, रानात येऊन कासरा धरू नये." लगेच इकडेतिकडे बघून म्हणाले, "हे कुठं लिहू नका बरं."

एका उन्हाळ्यात नळयोजनेचा प्रचार निघाला आणि यादीत नेमकं आबांचंच खेडं आलं. टाकी बांधलेली, दारोदार तोट्या बसवलेल्या, पाण्याचा मात्र थेंब नाही. आदल्या दिवशी आबा कार्यालयात आले, दार लोटलं आणि हळू आवाजात मला गाऊन दाखवलं:

"नळ आला दारी, जावई गं बाई,
मान मागतो, बोलत न्हाई!"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबाही असे खुलले की काय सांगू! "एवढंच एक कडवं म्हनू द्या, सायब. जल्मगाव हाय माझं. ह्याच लोकांत मरायचंय मला. तिथं खोटं कसं गाऊ?"

माझं हसू जिरलं. "नको, आबा. रिपोर्ट मला द्यायचाय. कलापथकांच्या यादीतून नाव उडालं तर तुमच्या पाच जणांचं काय?" खरं सांगतो, मी माझ्यापुरता घाबरलो होतो. नाव पाच जणांचं घेतलं.

आबांनी लोटलेलं दार उघडलं. "बराबर हाय," म्हणाले. "तुमीबी अडकलेले, आमीबी अडकलेलो. मंग उद्या सकाळी या."

सकाळी मारुतीच्या पारावर बॅनर लागला. बायका आल्या त्या रिकाम्या घागरी घेऊनच. एक शब्द न बोलता त्यांनी घागरी पुढे मांडल्या आणि स्वतः मागे बसल्या. आबांनी त्या दिवशी बॅनरला रामराम केला नाही, घागरींना केला. शिक्क्याच्या गाण्याचं पहिलं कडवं म्हटलं आणि थांबले. पेटीवाला सूर धरून होता. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. मी काय केलं? घागरी फोटोत येऊ नयेत म्हणून दोन पावलं पुढे गेलो आणि मोबाईल वर धरला. फोटो निघाला. आबांनी डोळे मिटले आणि मंजूर झालेलं गाणं शेवटच्या ओळीपर्यंत गायलं.

बायका चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. घागर उचलता उचलता एक म्हातारी म्हणाली, "गा रं बाबा, तुलाबी पोट हाय." ते ऐकून आबा पारावरच मटकन बसले. त्यानंतर त्या गावात ते भारुडाला उभे राहिले नाहीत. बाहेर कार्यक्रम चालू राहिले. नाव यादीतून उडालं नाही.

मागच्या हिवाळ्यात आबा गेले. छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत खेळ आटोपला होता. दहाव्याला गेलो तेव्हा आबांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "भाऊ, तुमी लई फोटू काढायचे ना त्यांचे? गातानाचा एखादा द्या की. घरात एकबी न्हाई."

मी कार्यालयातल्या सगळ्या फायली उपसल्या. फोटोत बॅनर पूर्ण दिसला पाहिजे, असा आमचा नियम. त्यामुळे जिकडे तिकडे बॅनर ठसठशीत आणि खाली आबा अंगठ्याएवढे. मला माझीच लाज वाटली. चेहरा नीट दिसेल असा एकच फोटो निघाला, दोन पावलं पुढे जाऊन काढलेला.

तो मोठा करून, काचेत बसवून नेला. काकूंनी पदरानं काच पुसली आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"ह्यो गातानाचा न्हाई, भाऊ. तोंड तर मिटलेलं हाय. काय बघून राह्यलेत हितं?"

"मी हो म्हणतो का, ते बघून राह्यलेत," मी म्हणालो.