साठच्या वेगानं एक फेरी

नेव्हिलच्या घराचं फाटक उघडलं की थेट शर्यतीचा रस्ता. बाथर्स्टच्या डोंगरावरचा. वर्षातले काही दिवस तिथं गाड्या भन्नाट सुटतात आणि एरवी त्याच रस्त्यानं माणसं दूध आणायला जातात, ताशी साठनं, कारण झाडाआड पोलीस टपलेला असतो. नेव्हिलनं जन्मभर ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ केले. हाताला गाडी लगेच कळायची, माणूस जरा उशिरा.

चार वर्षांमागं त्याच्या मुलानं, ब्रेंटनं, देशाच्या पार उत्तर टोकाच्या डार्विनहून मोठं खोकं पाठवलं. आत स्टिअरिंग आणि पायाशी ठेवायची पेडलं. संगणकाला जोडायचं, की पडद्यावर हाच डोंगर. ब्रेंटकडं तसंच दुसरं होतं.

"रविवारी दुपारी दोघं पळवू, बाबा. तू तिथून, मी इथून."

"माझं काय खेळण्यांचं वय आहे?" नेव्हिल म्हणाला आणि खोकं शेडमध्ये रंगाच्या डब्यांवर गेलं. ब्रेंटनं तीन-चार रविवार विचारलं. मग विचारणं थांबलं. पुढं फोनही नाताळ आणि वाढदिवसापुरता उरला.

यंदाच्या शर्यतीला नेव्हिल कुंपणाशी खुर्ची टाकून बसला. पूर्वी शेजारी लहानगा ब्रेंट असायचा, अखंड बडबडायचा, आणि हा म्हणायचा, "गप रे, इंजिन ऐकू दे." यंदा इंजिन अगदी स्वच्छ ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी खोकं जेवणाच्या टेबलावर आलं.

"आता मी चहा कुठं ठेवू? बॉनेटवर?" त्याची बायको लोरेन म्हणाली.

स्टिअरिंग टेबलाच्या कडेला आवळून बसवलं. बसायला चाकांची खुर्ची. पहिल्या वळणाला नेव्हिलनं दणकून ब्रेक दाबला, तर खुर्चीच मागं फ्रिजपर्यंत गेली आणि पडद्यावरची गाडी भिंतीत.

"निघालास कुठं? दूध आहे घरात," असं म्हणत लोरेननं जुने बूट शोधून आणले. पाच चाकं, पाच बुटांत. खुर्ची जागची हलेना.

रस्ता तर त्याला झोपेतही येत होता, आणि तिथंच घात झाला. समोरून शेजाऱ्याची गाडी येईल म्हणून तो डावी बाजू सोडीना. पोलिसाच्या झाडाशी आपोआप साठवर यायचा, आणि मागच्या गाड्या धडाधड येऊन आदळायच्या.

"अरे, त्या टीव्हीत पोलीस नाहीये!"

"सवय आहे गं. पाय ऐकत नाही."

तीन आठवडे त्यानं पायाला शिकवलं. मग एकदाची न आदळता, पुऱ्या वेगानं फेरी झाली आणि रविवारी दुपारी त्यानं स्वतःहून फोन लावला.

"काय रे, लावलं मी ते. ये, पळवू."

पलीकडं ब्रेंटचं बाळ रडत होतं. ब्रेंट म्हणाला, "माझं मी विकलं, बाबा. पाळण्याला जागा हवी होती. आणि पळवणार तरी कुणाबरोबर होतो?"

चुकलं माझं, एवढंच नेव्हिलला म्हणायचं होतं. पण ते त्याला कधी जमलं नव्हतं. "बरं केलंस," तो म्हणाला. "नुसती धूळ खात पडलं असतं."

"फोन पडद्यासमोर धर, मी बघतो. एकच फेरी हं, याला झोपवायचंय."

लोरेननं फोन धरला. गाडी निघाली.

"दाब की, बाबा! उजवीकडं ये, समोरून कुणी येत नाही! हे काय, साठ?"

लोरेननं नवऱ्याकडं पाहिलं. सगळं येत होतं त्याला. पण पुऱ्या वेगानं फेरी दोन-अडीच मिनिटांत आटोपली असती. त्यानं डावी बाजू धरली आणि काटा साठवर ठेवला.

"सवय आहे रे," तो म्हणाला. "तू बोलत राहा."

ब्रेंट बोलत राहिला, बाळाच्या दातांचं, डार्विनच्या उकाड्याचं. उतार संपला, फेरीतला शेवटचा लांब सरळ रस्ता लागला. पडद्यावर आपलं फाटक असायची जागा आली, तसा नेव्हिल आणखी हळू झाला.