आत्यांनी नापास केलेलं सिंहासन

नाटक कंपनीची गाडी नव्या गावातल्या लॉजसमोर थांबली की सगळ्यांत आधी उतरायच्या त्या आत्या. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात ओल्या साबणाची वडी आणि कमरेला कपडेपटाची किल्ली. बाकी राजे, राण्या, प्रधान, सगळे आपापल्या वळकट्या घेऊन फुटपाथवर तिष्ठत.

"मी सांगेपर्यंत कुणी आत यायचं नाही. पलंगावर बॅग दिसली तर बॅगेसकट माणूस बाहेर!"

मग तपासणी सुरू. चादर दूर, गादीची शिवण बोटाने उलगडायची, पलंगाच्या फटीत उजेड टाकायचा, भिंतीवरच्या तसबिरीमागे डोकवायचं. काही हललं की साबण दाबायचा, ढेकूण वडीला चिकटून बाहेर!

"बाई, आमच्याकडे ढेकूण नाहीत हो," लॉजवाले काकुळतीला यायचे.

"अहो, ते काय तुमच्या रजिस्टरात सही करून राहतात?"

खोली पास झाली तरी बॅगा मात्र न्हाणीघरातच. तिथल्या गुळगुळीत फरशीवर ढेकणाला लपायला जागा कुठली! कंपनी त्यांना मागून फौजदार म्हणायची. आत्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

तीस वर्षांत घात झाला तो एकदाच. गेल्या दौऱ्यात आत्या तापाने आडव्या पडल्या, तपासणी राहिली, आणि राजाच्या मखमली झग्यात ढेकणांनी बिऱ्हाड केलं. ऐन दरबारात महाराज राजदंडाने पाठ खाजवू लागले. शोकांतिकेत प्रेक्षक पोट धरधरून हसले. मालक भडकले. "पुन्हा कपड्यात एक जरी ढेकूण सापडला ना आत्या, तर कपडेपटाची किल्ली माझ्या भाच्याकडे!"

भाचा म्हणजे बटण लावायला बसला तर ते स्वतःच्या विजारीला शिवून घेणारा गडी. आणि आत्यांना घर म्हणाल तर कपडेपटाच्या त्या सात पेट्या. मखमली झगा त्यांनी स्वतः सव्वीस दिवस बसून शिवलेला. त्या रात्रीपासून त्या किल्ली उशाशी नव्हे, मुठीत घेऊन झोपायच्या.

या गावी दुपारचा प्रयोग होता. कंपनीचं सिंहासन वाटेत मोडलं, म्हणून मालकांनी भाड्याच्या सामानवाल्याकडून दुसरं आणवलं. लाल गादी, सोनेरी सिंह, पितळी खिळे. मालक त्याच्याभोवती नवरदेवासारखे मिरवत होते. नाटकात ते सेनापती. तिसऱ्या अंकात राजाला हाकलून याच सिंहासनावर बसायचे.

आत्यांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांचे घरचे कपडे गोळा करून पेटीत कुलूपबंद केले. परक्या खुर्चीवर कुणाचा शर्ट पडायला नको. मग सहज म्हणून सिंहासनाच्या शिवणीला साबण लावला. वडी उचलली, तर तिच्यावर पाच जण वळवळत होते.

"मालक, हे बघा! यावर कुणी बसायचं नाही."

"आत्या, तुम्हाला आता तिळातही ढेकूण दिसतात. दुसरी घंटा झालीय, चला!"

आत्यांनी वाद घातला नाही. त्या थेट राजेसाहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. हातात मखमली झगा, पण दोन पावलं लांब.

"बसणार नसाल तर झगा मिळेल."

"आत्याबाई, माझे गुडघे! अख्खा दरबार उभ्याने?"

"गुडघ्यांना मी तेल चोळून देईन. झग्याला काय चोळू?"

राजेसाहेब उभे राहिले. दरबारभर येरझाऱ्या घालत, सिंहासनाकडे पाठ फिरवत ते असे काही कडाडले की लोकांनी दोनदा टाळ्या दिल्या. विंगेत आत्यांचा जीव मात्र टांगणीला. झग्याची किनार गादीला शिवते की काय! नाही शिवली.

तिसरा अंक. मालक आले. विंगेकडे एक तिरका कटाक्ष टाकून त्यांनी ऐटीत बैठक मारली. "हे सिंहासन आता माझं!"

दोन वाक्यं ठणठणीत गेली. तिसऱ्याला त्यांची डावी मांडी दचकली. चौथ्याला भुवया टाळूला भिडल्या. "कोण... कोण मला इथून... उठवतो!" असं म्हणत ते स्वतःच टुणकन उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. प्रेक्षागृह स्तब्ध! पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघ गं, पाप कसं माणसाला स्वस्थ बसू देत नाही!"

पडदा पडला तेव्हा टाळ्या थांबेनात. मालक विंगेत धावले, तर समोर आत्या, जाड काळी प्लास्टिकची पिशवी उघडून उभ्या.

"अंगावरचं सगळं यात. तोंड घट्ट बांधून उन्हात ठेवते. माझ्या पेट्यांजवळ यायचं नाही."

पाच मिनिटांनी पडद्याआडून एक केविलवाणं डोकं बाहेर आलं. बाकी मालक चादरीत गुंडाळलेले. बाहेर अभिनंदनाला लोक खोळंबलेले.

"आत्या, माझी विजार?"

"पेटीत."

"मग पेटी उघडा ना!"

आत्या निवांत स्टुलावर बसल्या. आधी स्टूल तपासलं, मग बसल्या. "किल्ली तुमच्या भाच्याकडे द्यायची होती ना? बोलवा त्यांना."

चादर थरथरली. "त्या गाढवाचं नाव काढू नका हो! किल्ली तुमची, पेट्या तुमच्या. मी कंपनी सोडीन, पण तुम्हाला नाही सोडणार. आता तरी विजार द्या!"

आत्यांनी कमरेची किल्ली सोडली. पेटी उघडून विजार काढली, झटकली, शिवणी पाहिल्या.

"पास," त्या म्हणाल्या आणि पडद्याआड विजार भिरकावली.